चार्ज घेतला

६ फेब्रुवारी

ती. आत्यास,

तुझी दोन पत्रं उशाशी पडून आहेत आणि उत्तर गेलं नाही, म्हणून रागावली असशील. आठ दिवस पेन हातात धरवत नव्हतं. फोनवर तुला निम्मंच ऐकू जातं आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, तेव्हा लिहितेच.

खाणीत अपघात झाला. मला काही झालेलं नाही. हे आधी वाच आणि मग पुढे जा.

आमच्या दगडखाणीत या बाजूचा चार्ज दर आठवड्याला बदलतो. एक आठवडा थोरले फोरमन, एक आठवडा मी. ते बावीस वर्षं इथे आहेत आणि मी सहा महिने. २९ जानेवारीच्या सकाळी त्यांचा आठवडा संपून माझा सुरू व्हायचा होता. आदल्या दुपारी त्यांनी बारा भोकांत स्फोटकं भरून बार उडवला होता. त्यातली अकरा उडाली. नववं तसंच राहिलं, आत भरलेल्या मालासकट.

मी सकाळी साडेसातला नोंदवहीत सही केली आणि आठला ड्रिलवाल्या मामांना त्याच रांगेच्या कडेला उभं केलं. खाणीत सगळेच त्यांना मामा म्हणतात. नऊ वाजून दहा मिनिटांनी ड्रिलचं टोक नवव्याला लागलं.

मामा जिवंत आहेत. डावा हात मनगटापासून गेला. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आहेत. डॉक्टर म्हणतात, एक डोळा कदाचित वाचेल.

आता खरी अडचण सांगते. फोरमनसाहेबांची नोंदवहीतली शेवटची ओळ अशी आहे: ‘भोक नं. ९ – चार्ज दिला.’ तिच्या खाली माझी ओळ: ‘चार्ज घेतला.’ आणि सही. आम्ही दर बदलीला हे दोन शब्द लिहितोच. हजेरी लावावी तसे. पण चौकशीला बाहेरून आलेल्या साहेबांना आपली भाषा येत नाही. ऑफिसातल्या टायपिस्टने नोंदवहीचं इंग्रजी करून दिलं, आणि त्यात माझ्या ओळीचं झालं की हिने चार्ज काढून घेतला. म्हणजे नवव्या भोकातली स्फोटकं मी उपसून काढली, असं मीच लिहून ठेवलंय! काल मला चार्जशीट मिळालं. खोटी नोंद करून माणसाला मरणाच्या तोंडी दिल्याचं. कामावरून थांबवलंय. सुरुंगाचा परवाना जमा करून घेतलाय.

तू तीस वर्षं शब्दकोशाच्या ऑफिसात शब्द चाळलेस. या एका शब्दाचे काय काय अर्थ होतात ते मला रीतसर लिहून दे. साहेबांपुढे ठेवीन. नवव्याबद्दल माझ्या कानावर काहीही आलं नव्हतं.

तुझी,
भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

पत्र वाचून आधी चष्मा पुसला, मग पुन्हा वाचलं. तू धडधाकट आहेस यावर विश्वास बसायला दोनदा वाचावं लागलं. त्या मामांच्या घरी कोण कोण आहे ते लिहिलं नाहीस. लिही.

शब्दाचं म्हणशील तर तू नेमकी माझ्याच वाटणीचा शब्द काढलास. ऑफिसात इंग्रजीतलं सी हे अक्षर अकरा वर्षं माझ्या टेबलावर होतं, आणि शब्दाचे वापर टिपलेल्या चार्जच्या एकट्याच्या सव्वाशे चिठ्ठ्या होत्या. वैतागून आमचा हेडक्लार्क म्हणायचा की हा शब्द नव्हे, धर्मशाळा आहे. येईल तो अर्थ पथारी टाकतो.

मूळ अगदी साधं आहे. फार जुन्या काळी रोमन लोकांच्या भाषेत गाडीला एक शब्द होता. त्यावरून गाडीत ओझं भरणं याला क्रियापद झालं. ते फ्रान्समार्गे इंग्रजीत आलं, तो आपला चार्ज. कार, कॅरी, कार्गो ही त्याचीच चुलत भावंडं. म्हणजे मुळात चार्ज म्हणजे भरलेलं ओझं. बंदुकीत दारू ठासली, ओझं भरलं, चार्ज. बॅटरीत वीज भरली, चार्ज. माणसाच्या अंगावर काम टाकलं, चार्ज. आरोप टाकला, तोही चार्जच. दुकानदार आपल्याकडून घेतो तो चार्ज, आणि दाईच्या ओटीत घातलेलं पोर, त्यालाही इंग्रज तिचा चार्ज म्हणतो. पोलीस जमावावर धावून जातात तो चार्ज कुठून आला यावर मात्र आमच्या ऑफिसात दोन तट होते, आणि त्या तटांनी आपसात बोलणं टाकलं होतं.

तेव्हा तुमच्या टायपिस्टने दहा दारं असलेल्या घरात नेमक्या मोरीच्या दारातून प्रवेश केला. हे मला सिद्ध करता येईल. पण मला अक्षर न् अक्षर लागेल. ‘नं. ९’ आणि ‘चार्ज दिला’ यांच्यामध्ये रेघ आहे की टिंब? तुझी ओळ त्याच्या ओळीला चिकटून आहे की जागा सोडून? पुढची-मागची पानं काय म्हणतात? आणि त्या सकाळी फोरमनची न् तुझी गाठ पडली होती का? उलट टपाली कळव.

आत्या


१५ फेब्रुवारी

ती. आत्यास,

रेघ आहे. माझी ओळ चिकटून आहे, कारण पानावर तेवढीच जागा होती. मागच्या पानांवर दर आठवड्याला नुसतं ‘चार्ज दिला’, ‘चार्ज घेतला’ आहे. भोकाचा नंबर या एकाच ठिकाणी आलाय.

मामांच्या घरी मामी आहेत. मुलगी लग्न होऊन लांब असते. मामी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलेल्या असतात. मी दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

फोरमन सकाळी फाटकाशी दिसले होते. ते पलीकडच्या खाणीकडे निघाले होते, मी येत होते. आता ते साहेबांना सांगताहेत की नवव्याचं मी हिला तोंडी सांगितलं होतं. साक्षीला कुणी नाही. भोकापाशी लाल कापडाची खूण ठोकायचा नियम आहे, तीही त्यांनी ठोकली नव्हती. कापड संपलं होतं म्हणून दगड रचून ठेवले म्हणतात. खाणीत रचलेला दगड आणि पडलेला दगड कोण ओळखणार? स्वतःवर आलं की माणूस काय वाटेल ते बोलतो.

इथे कुणी माझ्याशी बोलत नाही. कँटीनमध्ये मी बसते त्या टेबलावरची माणसं ताट उचलून उठत नाहीत, पण जेवायची घाई करतात. २४ तारखेला सुनावणी आहे. त्याआधी तुझं टिपण यायला हवं. आत्या, फाशीच्या कैद्याला तारीख माहीत असते तसं झालंय माझं. लवकर कर.

भिंगरी


१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

टिपण तुझ्याकडे न पाठवता थेट चौकशीच्या साहेबांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. तुझ्या हातून गेलं असतं तर आरोपीच्या आत्याचं टिपण झालं असतं. आता ते निवृत्त कोशसंपादिकेचं झालं. आडनाव वेगळं आहे, ते या वयात पहिल्यांदा कामाला आलं.

नक्कल सोबत आहे. शब्दाचे अकरा अर्थ दिलेत, प्रत्येकाला वाक्यासह. निष्कर्ष थोडक्यात असा: माणूस ‘चार्ज घेतो’ तेव्हा तो पदभार घेतो, स्फोटकं काढायला तुमच्याकडे ‘चार्ज काढला’ असंच म्हणतात. तेव्हा तुझी ओळ निर्दोष. उलट भोकाला ‘चार्ज दिला’ म्हणजे भोकात स्फोटकं भरली. नववं भोक भरलं एवढंच तो फोरमन लिहितो. ते उडालं नाही, हे त्याच्या ओळीतून ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मग ते तुला कसं कळावं?

तीन रात्री नीट झोप नव्हती. टिपण पोस्टात दिलं आणि दुपारी गाढ झोपले. जेवत जा.

आत्या


२७ फेब्रुवारी

ती. आत्यास,

तुझं टिपण जिंकलं.

साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, आणि एकेक वाक्य टायपिस्टने आपल्या भाषेत सांगितलं. सांगताना बिचाऱ्याच्या मानेला घाम आला होता. संपल्यावर साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले की नोंद इतकी स्पष्ट वाचून दाखवल्यावर शंकेला जागा नाही. माझ्यावरचा खोट्या नोंदीचा आरोप त्यांनी तिथल्या तिथे बाजूला ठेवला. मग फोरमनकडे वळले आणि विचारलं की न उडालेला सुरुंग तुम्ही नोंदवहीत का लपवलात?

फोरमन उभे राहिले. बावीस वर्षांत त्यांना कुणी असं उभं केलं नसेल. म्हणाले, लपवला नाही, लिहिलाय. साहेब म्हणाले, जे लिहिलंय त्याचा अर्थ आत्ताच ऐकलात. फोरमन म्हणाले, मला शब्दाचा अर्थ माहीत नाही, मला काय सांगायचं होतं ते माहीत आहे. टायपिस्टने हे वाक्य इंग्रजीत सांगितलंच नाही. सांगण्यासारखं वाटलं नसेल.

त्यांना कामावरून थांबवलंय. पोलिसांत द्यायचं की नाही ते पुढच्या सुनावणीत, ९ मार्चला ठरेल. त्याच दिवशी मला कामावर परत घेतील असं ऑफिसातले म्हणतात. काल कँटीनमध्ये दोघं माझ्या टेबलावर येऊन बसले.

आज सकाळी फोरमन माझ्या खोलीवर आले. मला वाटलं, शिव्या देतील. दारातच उभे राहिले. म्हणाले, “मी तुला फाटकाशी काय बोललो, एवढंच सांग. दुसऱ्या कुणाला सांगू नकोस, मला सांग. मला आता वाटायला लागलंय की मी बोललोच नाही.”

मी म्हटलं, मला आठवत नाही. ते मान हलवून गेले.

आत्या, ते बोलले होते. “नऊ नंबर बसलाय, मामांना तिकडे लावू नकोस,” असं बोलले होते. बसलाय म्हणजे उडालेला नाही. मी स्कूटर उभी करत होते. मी म्हटलं, “माहितीये मला.” मला माहीत नव्हतं. ते सहा महिने रोज मला काही ना काही सांगायचे. शिट्टी किती वेळा वाजवायची, डंपरच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं. माणसांसमोर सांगायचे. मला त्याचा इतका वीट आला होता की त्यांचं तोंड उघडलं की मी ‘माहितीये’ म्हणायचे आणि पुढचं कानावर घ्यायचेच नाही. आवाज आला, शब्द आले, आणि मी ते आत येऊच दिले नाहीत. बार झाल्यावर धुळीत धावताना ते वाक्य मला जसंच्या तसं ऐकू आलं.

आता काय करू ते सांग. की सांगू नकोस. मला कळत नाही.

भिंगरी


३ मार्च

भिंगरी,

मला हे माहीत होतं.

पहिल्याच पत्रात तू शेवटी लिहिलंस की तुझ्या कानावर काहीही आलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माणूस उगाच देत नाही. लहानपणी बरणी फुटली की तू घरात शिरता शिरता म्हणायचीस, मी अंगणात होते. तरी मी फाटकाचं विचारलं. तू उत्तर दिलंस आणि दिलं नाहीस. तेव्हा खात्री झाली.

आता माझं ऐक. त्या टिपणात मी अकरा अर्थ दिले. माझ्याकडे घरी राहिलेल्या जुन्या चिठ्ठ्यांत बारा होते. एखाद्याला बजावून सांगणं, ताकीद देणं, हाही चार्जच. इंग्रजांच्या कोर्टात न्यायाधीश ज्युरीतल्या पंचांना शेवटी काय पाहावं, काय पाहू नये ते बजावतो, त्यालाही हाच शब्द. फोरमनच्या ओळीला हा अर्थ लावला तर ती अशी वाचता येते: नऊ नंबर, बजावलं आहे. त्याला इंग्रजी इतकं येत नसेल, त्याने काही तो अर्थ मनात धरून लिहिलं नसेल. त्याच्या मनात बहुधा एवढंच होतं की हा नववा मी पुढच्या माणसाच्या हवाली करतोय. पण बारावा अर्थ साहेबांपुढे असता तर त्यांनी ‘शंकेला जागा नाही’ असं म्हटलं नसतं. जागा होती. मीच ती बुजवली.

चुकून राहिला म्हणेन तर कुणीही विश्वास ठेवील. वय झालं, कान गेले, आता डोकंही. पण चुकून नाही. चिठ्ठी हातात घेतली, वाचली आणि उशीखाली ठेवली. तीस वर्षांत एक अर्थ गाळला नव्हता. एकदा एका अश्लील अर्थासाठी हेडक्लार्कशी तीन आठवडे भांडले होते, की लोक बोलतात तर कोशात यायलाच हवा. आणि तुझ्यासाठी एका क्षणात गाळला. तुला मी वाढवलंय, तुझ्यासाठी त्या माणसाचं घर उठलं तरी चालेल असं मला तीन रात्री खरंच वाटत होतं. त्या माणसाला मी पाहिलेलंही नाही, म्हणून ते सोपं गेलं. तुझं पत्र आलं आणि तो तुझ्या दारात उभा असलेला दिसला.

सोबत दुरुस्त टिपण आहे, बाराही अर्थांचं, माझ्या सहीचं. पहिलं टिपण मी, आरोपीच्या आत्याने, लिहिलं आणि एक अर्थ जाणूनबुजून वगळला, असं वर स्पष्ट लिहिलंय. याची दुसरी प्रत साहेबांच्या पत्त्यावर पाकिटात घालून टेबलावर ठेवली आहे. ती आज टाकत नाही. ती तुझ्या आधी पोचली तर तू पकडली जाशील. मला तू स्वतः बोललेली हवी आहेस. ९ तारीख सोमवार आहे. मंगळवारी सकाळी पोस्ट उघडलं की मी ते पाकीट टाकणार. तू काहीही ठरवलंस तरी.

हे धमकीसारखं वाटत असेल तर तसं समज. मला तुझ्याकडून उत्तर नको.

आत्या


७ मार्च

आत्या,

पाकीट मिळालं. दुरुस्त टिपण तिसऱ्यांदा वाचतेय. तू ‘उत्तर नको’ म्हणालीस, तरी लिहिते, कारण दुसरं कुणी नाही.

तुझा राग आला. मग लक्षात आलं की तू आपली चूक सही करून कबूल केलीस आणि मी अजून दवाखान्याचा जिनासुद्धा चढले नाही.

सोमवारी साहेबांपुढे काय होईल सांगता येत नाही.

भिं.


२२ मार्च

ती. आत्यास,

आता सगळं लिहिते.

सोमवारी आधी मला बोलावलं. साहेब हसून बसा म्हणाले. मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. टायपिस्टला म्हटलं, एकेक शब्द सांगा, एकही गाळू नका. मग मी म्हणाले, “फोरमननी मला फाटकाशी तोंडी सांगितलं होतं. नऊ नंबर बसलाय, मामांना तिकडे लावू नकोस, असं. मी माहितीये म्हटलं आणि ऐकलं नाही. नंतर खोटं बोलले.”

टायपिस्ट माझ्याकडे बघत राहिला. साहेबांनी टेबलावर बोटं वाजवली, तेव्हा कुठे त्याने सांगितलं.

तुझं टिपण पुढे ठेवलं. साहेबांनी वरचा मजकूर वाचला, मग बारावा अर्थ वाचला. फोरमन बाहेर बाकावर होते. त्यांना आत घेतलं आणि माझं बोलणं पुन्हा वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, त्यांना हायसं वाटेल. ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नंतर कळलं, घरी त्यांच्या बायकोलाही त्यांनी सांगून टाकलं होतं की बहुतेक मी बोललोच नसेन, वय झालं माझं.

निकाल शुक्रवारी लागला. माझा परवाना दोन वर्षांसाठी गेला. त्यानंतर परीक्षा पुन्हा द्यायची. खाणीच्या तोंडाशी मला जाता येणार नाही. तोवर क्रशरवर ठेवलंय, खडी चाळण्याच्या यंत्रापाशी. पोलिसांत द्यायचं की नाही हे मामांच्या जबाबावर आहे. फोरमन कामावर परत आले. लाल खूण नव्हती आणि नोंद अर्धवट होती म्हणून त्यांना लेखी समज मिळाली. न उडालेल्या सुरुंगाची नोंद यापुढे पूर्ण वाक्यात करायची, असा हुकूम भिंतीवर लागलाय. तुझ्यावर काही नाही. साहेब फक्त एवढं म्हणाले की या बाईंना मी माझ्याविरुद्धच्या खटल्यात कधीही बोलावणार नाही. हे कौतुक होतं की टोमणा, मला कळलं नाही.

फोरमन माझ्याशी बोलत नाहीत. बोलायलाच हवं असं नाही. परवा क्रशरजवळून जाताना थांबले, माझ्या कानांवरची संरक्षक टोपणं नीट बसली नव्हती ती बोटाने दाखवली आणि गेले. मी ती नीट बसवली.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. जिना चढले. मामी बाकावर होत्या. मला ओळखून उठल्या आणि आत सोडलं. मामांच्या एका डोळ्याची पट्टी निघालीय. त्या डोळ्याला उजेड कळतो, माणसाचा आकार कळतो. चेहरा अजून नाही. त्यांनी विचारलं कोण, आणि मी सांगितलं.

मग साहेबांना सांगितलं तेच त्यांना सांगितलं. तिथे टायपिस्ट नव्हता, मधे थांबायला काही नव्हतं. सलग बोलावं लागलं.

ते छताकडे तोंड करून पडले होते. मग विचारलं, “माहितीये म्हणालीस?”

मी हो म्हटलं.

“मलाच विचारायचं होतंस मग. मी सांगितलं असतं तुला. आवाजावरूनच बार मोजले होते आदल्या दिवशी. अकराच झाले होते. मला वाटलं, तुम्ही लोकांनी बघितलं असेल.”

आत्या, तीन माणसांना माहीत होतं. एकाने सांगितलं, एकीने ऐकलं नाही, आणि एकाने विचारलं नाही कारण वहीवर माझी सही होती.

जबाबात काय सांगणार ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी उठले.

मामी जिन्यापर्यंत मागे आल्या. मला वाटलं, पुन्हा पाय ठेवू नकोस म्हणतील, आणि तसं म्हणायचा त्यांना हक्क होता. म्हणाल्या, “उद्या येऊ नका.” मी मान हलवली आणि दोन पायऱ्या उतरले.

“उद्या पट्टी बदलतात, त्यांना फार दुखतं,” त्या वरून म्हणाल्या. “परवा या.”

तुझी,
भिंगरी